वरच्या पातळीचं गणित घेतलंय, म्हणजे नेमकं काय घेतलंय?

कोरी_पाटी (धागालेखक)

भाचीने शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी नेहमीच्या गणिताच्या जोडीला वरच्या पातळीचं गणितही घेतलंय. या विषयाला कुठे स्पेशालिस्ट म्हणतात, कुठे फर्दर, कुठे हायर लेव्हल. आतला ऐवज साधारण तोच. काल तिने अनुक्रमणिका माझ्यापुढे टाकली. "मामा, यातलं तुला काय काय येतं?"

मी वरून खाली बोट फिरवलं. कॉम्प्लेक्स नंबर, इंडक्शन, व्हेक्टर, मॅट्रिक्स, इंटिग्रेशनच्या नव्या रीती, डिफरन्शियल इक्वेशन, शेवटी संख्याशास्त्र. म्हटलं, "सगळंच आलं होतं."

"आलं होतं, की येतं?"

गप्प बसलो.

माझी अडचण सांगतो. हे सगळं मी केलंय आणि मार्कही बरे पडले होते. पण आज डोक्यात उरल्यात त्या नुसत्या कृती. इंटिग्रेशन झालं की शेवटी 'अधिक सी' लिहायचं, नाहीतर अर्धा मार्क जातो, हे पक्कं आठवतं. तो सी तिथे कशासाठी उभा असतो, हे ना कुणी सांगितलं ना मी विचारलं. भाचीला कृती अजूनही दाखवू शकेन, पण तिचे प्रश्न वेगळेच असतात. परवाचा घ्या: "वजा एकला वर्गमूळ नसतं असं इतकी वर्षं सांगितलं. आता म्हणतात, असतं. मग आधी खोटं सांगत होते का?"

तर मंडळी, या विषयात पोरं शिकतात तरी काय? धड्यांची यादी नको, ती माझ्याकडे आहे. ते धडे करून झाल्यावर पोराच्या डोक्यात काय बदलतं, ते सांगा.

बाकी_शून्य

दोन वर्षांनी काय काय विसरायचं आहे, ते शिकतात. (ह. घ्या.)

खडूवाला

हाच विषय शिकवतो, म्हणून तोंड घालतो.

भाचीचा प्रश्न रास्त आहे. 'वर्गमूळ नसतं' या वाक्याचं शेपूट आपण खालच्या वर्गात कापून टाकतो. पूर्ण वाक्य असं की संख्यारेषेवर असं वर्गमूळ नसतं. रेषेबाहेर कुणी पाहूच दिलं नाही, तर पोरांना ते 'कुठेच नसतं' असं ऐकू येणारच.

आता बरीच पुस्तकं या धड्याची सुरुवात क्ष² + १ = ० पासून करतात, आणि माझ्या मते तिथेच माती खातात. या समीकरणाला उत्तर नाही म्हणून कुणाचं काय अडलं होतं? कुणाचंच नाही. अडलं ते घन समीकरणांपाशी. ती सोडवायचं सूत्र कार्डानोने १५४५ मध्ये छापलं. ते सूत्र क्ष³ = १५क्ष + ४ ला लावून बघा. उत्तर ४ आहे हे नुसतं बघूनही कळतं, कारण ६४ = ६० + ४. पण सूत्र आपल्या हातात काय ठेवतं? (२ + √−१२१) चं घनमूळ अधिक (२ − √−१२१) चं घनमूळ! मुक्काम अगदी ओळखीचा, आणि तिथे जायची वाट मात्र 'नसलेल्या' संख्यांमधून.

१५७२ मध्ये बोंबेलीने धीर करून त्या संख्यांना नेहमीचेच नियम लावले. (२ + √−१) चा घन काढा. पायरीपायरीने ८ + १२√−१ − ६ − √−१ येतं, म्हणजे २ + ११√−१. आणि ११√−१ म्हणजेच √−१२१. म्हणून पहिलं घनमूळ २ + √−१, दुसरं २ − √−१. बेरीज करताना नको असलेला भाग आपसूक कटतो आणि उरतात ४.

एवढा हिशेब मी पहिल्याच तासाला फळ्यावर करतो. त्यानंतर "अशी संख्या असते का हो?" असं सहसा कुणी विचारत नाही. "हिचं अजून काय करता येतं?" असं विचारतात.

करता येतं ते असं. 'आय' ने, म्हणजे या √−१ ने, गुणणं म्हणजे कागदावर काटकोनात वळणं. दोनदा वळलात की तोंड उलट्या दिशेला, म्हणजेच वजा एक. वेसेलने हे चित्र १७९९ मध्ये छापलं, आर्गांने १८०६ मध्ये. बोंबेलीनंतर सव्वादोनशे वर्षं गेली म्हणजे. पोराला ते दोन तासांत दिसलं नाही तर आपण चिडू नये.

नुसती_वाचक

√−१२१ कागदावर करून बघितलं. आलं! वाचनखूण साठवली आहे.

तिसरा_बिंदू

खडूवाला, उत्तम प्रतिसाद. त्यात एक भर. भाचीला विचारा, १ चं घनमूळ किती? ती म्हणेल १. आता तिला वर्तुळ काढू द्या, त्रिज्या १. त्या वर्तुळावर तीन बिंदू असे आहेत की ज्यांचा घन १ येतो, आणि ते जोडले की समभुज त्रिकोण तयार होतो. चौथी मुळं काढली तर चौरस, पाचवी काढली तर पंचकोन. बीजगणिताचा प्रश्न विचारला आणि उत्तर भूमितीतून आलं. माझ्या बाबतीत तरी या विषयाची गोडी तिथे लागली.

दुसरं म्हणजे त्रिकोणमितीची तिप्पट कोनाची सूत्रं. ती मी पाठ केली होती, आणि दर वेळी ४ कुठे नि ३ कुठे यात अडकायचो. (कॉस + आय साइन) याचा घन करा, 'आय' नसलेला भाग वेगळा काढा: ४कॉस³ − ३कॉस. दोन ओळींचं काम. तेव्हापासून पाठ करायचं सोडलं.

जुना_वर्ग

सगळं छान आहे, पण जरा जमिनीवर येऊ या का? घन समीकरण आज कोण हाताने सोडवतं? इंटिग्रेशन फोनवरचं ॲप करतं, पायऱ्यांसकट. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी दोन वर्षं घासायची, आणि मशीन एका सेकंदात करतं ते हळू आणि चुकत करायला शिकायचं? आमच्या वेळी इंडक्शन म्हणजे तीन ओळींचा मंत्र होता. 'न = १ साठी खरं. न = क साठी खरं मानू. न = क + १ साठी सिद्ध करू.' मंत्र लिहिला की दोन मार्क, मधलं बीजगणित जमलं तर आणखी तीन. "जे सिद्ध करायचं तेच खरं कसं मानायचं?" असं मी विचारलं, तर "परीक्षेत असं विचारणार आहेस का?" असं उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून या विषयाशी आमची कट्टी.

तिसरा_बिंदू

@जुना_वर्ग, तुमचा तो प्रश्न पाचही मार्कांचा होता, तुमची फसवणूक झाली.

मशीनचं नंतर बघू, आधी इंडक्शन. त्याची गरज का पडते, हे दाखवल्याशिवाय तो मंत्रच राहतो. न² + न + ४१ हे घ्या. न च्या जागी ० घाला, ४१ येतं, मूळ संख्या. १ घाला, ४३, मूळ. २ घाला, ४७, मूळ. असं ३९ पर्यंत जात राहा, प्रत्येक वेळी मूळ संख्याच. चाळीस वेळा खरं ठरलंय, आता कुणीही म्हणेल नियमच आहे. न = ४० घाला. १६८१ येतं, म्हणजे ४१ चा वर्ग. कोसळलं.

आणखी एक. वर्तुळावर काही बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांना सरळ रेषांनी जोडा, वर्तुळाचे किती तुकडे झाले ते मोजा. एक बिंदू, १ तुकडा. दोन बिंदू, २. तीन, ४. चार, ८. पाच, १६. सहा बिंदूंना किती? कोरी_पाटी, हे भाचीला द्या. अंदाज आधी लिहून घ्या, मग मोजायला लावा. उत्तर इथे फोडत नाही.

आता तुमचा प्रश्न. क ला 'खरं मानतो' तेव्हा आपण काहीच सिद्ध केलेलं नसतं. 'या पायरीवर कुणी उभा असेल तर तो पुढच्या पायरीवर चढू शकतो' एवढंच दाखवत असतो. पहिल्या पायरीवर कुणीतरी आहे, हे वेगळं दाखवावं लागतं. ते नाही दाखवलं तर काय होतं बघा. मी 'प्रत्येक संख्या तिच्या पुढच्या संख्येइतकीच असते' हे सिद्ध करतो: क = क + १ खरं माना. दोन्हीकडे १ मिळवा. क + १ = क + २. झालं, पुढची पायरी चढलो! जिना अगदी मजबूत आहे, फक्त जमिनीला टेकलेला नाही.

जुना_वर्ग

हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! कट्टी अर्धी मागे घेतो. मशीनचा मुद्दा मात्र कायम आहे.

उभी_आडवी

मशीनच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगते. मी कामावर रोज डिफरन्शियल इक्वेशन (एखादी गोष्ट किती वेगाने बदलते ते सांगणारं समीकरण) वापरते आणि सोडवायला मशीनलाच देते, हाताने वर्षानुवर्षं सोडवलेलं नाही. पण समीकरण मांडावं लागतं मलाच.

वर्गातलं ते टाकीचं गणित आठवा. हजार लिटरची टाकी, त्यात २० किलो मीठ विरघळलेलं. मिनिटाला १० लिटर साधं पाणी आत येतंय, १० लिटर मिश्रण बाहेर जातंय, आणि ढवळणं सतत चालू आहे. शंभर मिनिटांनी मीठ किती उरेल? मी तेव्हा ताडकन हात वर केला होता. शंभर मिनिटांत हजार लिटर आत, हजार लिटर बाहेर, अख्खं पाणी बदललं, मीठ शून्य. आमच्या बाईंनी नुसतं विचारलं, "बाहेर जाणारं पाणी सगळं जुनंच आहे का गं?"

नाही ना! आत आलेलं नवं पाणी मिसळतं आणि त्यातलंही थोडं लगेच बाहेर जातं. दर मिनिटाला, त्या क्षणी टाकीत जेवढं मीठ आहे त्याच्या शंभराव्या भागाच्या वेगाने ते कमी होतं. मीठ जसं घटतं तसा घटण्याचा वेगही घटतो. सोडवलं की शंभर मिनिटांनी २० भागिले ई (ही सुमारे २.७१८ अशी ठरलेली संख्या), म्हणजे सुमारे ७.३६ किलो उरतं. एक तृतीयांशाहून जास्त! निम्मं व्हायला साधारण ६९ मिनिटं लागतात, आणि तिथून पुन्हा निम्मं व्हायलाही ६९ च.

मग टाकीच्या जागी दुसरं काही ठेवा. कार्बन-१४ ठेवा, तिथे निम्मं व्हायला ५७३० वर्षं लागतात. गरम पाणी आणि खोलीचं तापमान यांतला फरक ठेवा. समीकरण तेच. मुलं शिकतात ते हे, की मीठ, कार्बन आणि ऊब यांच्या खाली एकच वाक्य आहे: 'जेवढं आहे, त्या प्रमाणात कमी होतं.' ॲपला हे वाक्य सुचत नाही, त्याला ते आपण द्यावं लागतं.

आणि कोरी_पाटी, तुमचा सी. समीकरणाला नियम ठाऊक असतो, सुरुवात ठाऊक नसते. २० किलोने सुरुवात करा, नाहीतर ५ किलोने, नियम तोच. त्या सगळ्या शक्यता सी मध्ये कोंबून ठेवलेल्या असतात. 'सुरुवातीला २० किलो होतं' असं सांगितलं की सी ठरतो. अर्ध्या मार्काचा नाहीये तो!

कोरी_पाटी

इतक्या वर्षांनी सी भेटला. उभी_आडवी, मनापासून आभार. भाचीला टाकीचं गणित घातलं, तिनेही "शून्य" च म्हटलं. मीही मनात शून्यच म्हटलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

बाकी_शून्य

मीठ वाहून जाणारी टाकी बांधली कुणी, हा प्रश्न या अभ्यासक्रमात येतो का?

खडूवाला

येत नाही, आणि चालू नळाखाली टाकी भरायची गणितं खालच्या वर्गात होऊन गेलेली असल्यामुळे पोरंही विचारत नाहीत. :)

जुना_वर्ग, मशीनबद्दल आणखी एक. ॲपला ई चा वजा क्ष वर्ग घात, याचं इंटिग्रेशन विचारा. ते 'एर्फ' असं काहीतरी परत देईल. ते उत्तर आहे असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते त्याच प्रश्नाला ठेवलेलं नाव आहे. आपल्या ओळखीच्या फलांनी, म्हणजे घात, साइन, लॉग वगैरेंनी, याचं उत्तर लिहिताच येत नाही. आणि 'अजून कुणाला जमलं नाही' असाही प्रकार नाही, येत नाही हे सिद्ध झालंय. लिऊव्हिलने एकोणिसाव्या शतकात त्याचा पाया घातला. गंमत म्हणजे त्याच वक्राखालचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं पूर्ण क्षेत्रफळ मात्र नेमकं निघतं, पायचं (π) वर्गमूळ.

हाच वक्र संख्याशास्त्राच्या धड्यात घंटेच्या आकारात परत येतो. तिथे मुलं कुरकुरतात, "सगळीकडे सूत्र आहे, इथेच टेबल का बघायचं?" सूत्र असूच शकत नाही म्हणून. दोन धडे एकमेकांना असे भेटतात, आणि बहुतेक वर्गांत ती भेट कुणी घडवून आणत नाही.

संख्याशास्त्राबद्दल बोलतोच आहे तर सांगतो. '९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल' याचा अर्थ दहातली आठ मुलं (आणि माझ्या अंदाजाने तेवढेच मोठे) चुकीचा सांगतात. 'खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता ९५ टक्के' असं म्हणतात. खरी सरासरी कुठे हलत नाही, ती आहे तिथेच आहे. हलतो तो आपला इंटर्व्हल, कारण दर वेळी नमुना वेगळा निघतो. ही रीत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या साधारण पंच्याण्णव इंटर्व्हलमध्ये ती सापडेल, एवढीच हमी. आणि चूक निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो.

मॅट्रिक्सवर फार बोलत नाही. तिथे मुलांना पहिल्यांदा कळतं की गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलू शकतं, आणि उलटं फिरवायचं तर शेवटचं आधी काढावं लागतं. मोजे आधी घातले, बूट नंतर. काढताना बूट आधी. व्हेक्टरमध्ये अवकाशातल्या दोन रेषा समांतरही नाहीत आणि भेटतही नाहीत, हे पचायला वेळ लागतो. दोन पेन्सिली हातात धरून दाखवा, मिटलं.

नुसती_वाचक

मीही जरा बोलते. या विषयात मी परीक्षेत पडले होते ती जागा अजून आठवते. 'य बदलण्याचा वेग = य²' असं समीकरण होतं. दोन्ही बाजूंना य² ने भागलं, इंटिग्रेट केलं, झोकात उत्तर लिहिलं. उपप्रश्नात दिलेलं: सुरुवातीला य = ०, तर सी काढा आणि य चं सूत्र द्या. काढायला गेले तर एक भागिले शून्य. खोडलं, परत केलं, परत तेच. पंधरा मिनिटं गेली, पुढचं आठ मार्कांचं गणित राहिलं.

घरी येताना बसमध्ये कळलं. य कायम शून्यच राहतो! शून्याचा वर्ग शून्य, म्हणून वेग शून्य, म्हणून य हलतच नाही. हे उत्तर मी पहिल्याच ओळीत भागताना फेकून दिलं होतं, कारण भागलं त्याच क्षणी 'य शून्य नाही' असं मी न बोलता कबूल केलं होतं. गणित सोडून जमाना झाला, पण कुणी एखादा मुद्दा झटकन मांडला की मी अजून मनात शोधते, यानं कशाने भागलं?

जुना_वर्ग

+१. उरलेली अर्धी कट्टीही मागे.

तिसरा_बिंदू

अवांतर, पण राहवत नाही. भाची इंटिग्रेशनने घनफळ काढायला लागली की तिला १/क्ष हा वक्र १ पासून अनंतापर्यंत क्ष-अक्षाभोवती फिरवायला सांगा. तुतारीसारखा आकार होतो. आतलं घनफळ बरोबर पाय इतकं, म्हणजे मर्यादित. बाहेरचा पृष्ठभाग अनंत. म्हणजे तुतारी रंगाने भरता येते, पण तोच रंग लावून ती रंगवता येत नाही! टोरिचेलीने हे १६४० च्या दशकात दाखवलं, तेव्हा चांगली चांगली माणसं चक्रावली होती. या विषयात 'अनंत' या शब्दाला पहिल्यांदा हिशेब द्यावा लागतो.

कोरी_पाटी

खूप मिळालं. एकच शेवटचं विचारतो: मला स्वतःला विषय अर्धामुर्धा येत असताना भाचीला मदत कशी करू?

खडूवाला

अर्धामुर्धा येतो तेच बरं आहे. उत्तर तपासू नका, ते पुस्तकाच्या मागे असतं. वहीतल्या कुठल्याही दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवा आणि विचारा, "इथून इथे कशी आलीस?" तुम्हाला खरंच ठाऊक नसेल तर तिला नीट समजावून सांगावं लागेल. 'तसंच असतं' असं म्हणाली, तर ती जागा कच्ची आहे.

कोरी_पाटी

खडूवाला, काल लगेच करून पाहिलं, आणि पचका माझाच झाला.

वर्तुळावरच्या सहा बिंदूंचं गणित. तिने अंदाज लिहिला ३२. वर्तुळ काढलं, बिंदू घेतले, रेषा ओढल्या, प्रत्येक तुकड्यात आकडा लिहीत मोजलं. ३०. परत मोजलं, ३०. मी आधीच शोधून ठेवलं होतं की उत्तर ३१ आहे, म्हणून मोठ्या रुबाबात म्हटलं, "एक निसटलाय, नीट मोज." तिने तिसऱ्यांदा मोजलं, कागद माझ्याकडे सरकवला, "तूच मोज." मोजले. तीसच.

अर्धा तास दोघं त्या कागदावर. मग तीच म्हणाली, "मामा, मी कंपासने सारख्या अंतरावर बिंदू घेतलेत. मधल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतायत बघ." दुसरं वर्तुळ काढलं आणि एक बिंदू मुद्दाम जरासा सरकवला. त्या तीन रेषा एकमेकींपासून सुटल्या आणि बरोब्बर मध्ये एक एवढासा त्रिकोण उघडला. त्यात तिने लिहिलं, ३१.

तिसरा_बिंदू, तुम्ही लिहिताना 'कुठल्याही तीन रेषा एका बिंदूत छेदता कामा नयेत' ही अट घातली नव्हती. भाचीने तुम्हाला कळवायला सांगितलंय.

तिसरा_बिंदू

चूक कबूल. भाचीला म्हणावं, आता सात बिंदू.